भोंगा आणि मुकुट

मे २०२५ च्या पहिल्या आठवड्यात केंद्रीय गृहमंत्रालयाने नागरी संरक्षणाच्या सरावासाठी देशभरातल्या ठिकाणांची यादी काढली. महाराष्ट्रातून पहिल्या वर्गात तीनच नावे होती: मुंबई, उरण आणि तारापूर. मुंबईचे कारण सांगायला नको, तारापूरला अणुवीजकेंद्र आहे. उरणला काय नाही ते विचारा. करंजाला नौदलाचे शस्त्रागार, ओएनजीसीचा प्रकल्प, बोकडविऱ्याचे वायुविद्युत केंद्र, भेंडखळला गॅसच्या टाक्या, आणि या सगळ्यांच्या पलीकडे न्हावा-शेवा बंदर. शत्रूच्या नकाशावर आपण किती ठळक आहोत हे उरणकरांना कोणी समजावून द्यावे लागत नाही. शस्त्रागाराभोवतीच्या सुरक्षा पट्ट्याने इथल्या कित्येक घरांची झोप केव्हाच उडवली आहे. २०१६ च्या सप्टेंबरात शाळकरी मुलांनी काळ्या कपड्यांतली हत्यारबंद माणसे पाहिल्याचे सांगितले आणि कमांडो गावात उतरले, तेही सगळ्यांना आठवते. हाती काहीच लागले नाही, हा भाग वेगळा.

त्याच यादीत दुसऱ्या वर्गात हैदराबाद होते. ७ मेच्या पहाटे पाकिस्तानविरुद्ध ‘ऑपरेशन सिंदूर’ ही लष्करी कारवाई झाली, दुपारी चारला उरणसारखाच हैदराबादलाही सराव ठरलेला होता, आणि त्याच तारखेपासून हैदराबादेत ७२ व्या ‘मिस वर्ल्ड’चा कार्यक्रम लागला होता. शंभराहून अधिक देशांच्या मुली शहरात येऊन पोहोचत होत्या. ८ मेच्या रात्री धरमशाळेचा क्रिकेट सामना दिवे मालवून अर्ध्यावर सोडावा लागला आणि दुसऱ्या दिवशी आयपीएल आठवडाभर तहकूब झाली. ९ तारखेला नियंत्रण रेषेवर अग्निवीर मुरली नाईक कामी आला. गाव आंध्रातले, आईवडील पोटासाठी घाटकोपरला आलेले. १० तारखेच्या संध्याकाळी शस्त्रसंधीची बातमी आली आणि त्याच संध्याकाळी गच्चीबावलीच्या स्टेडियममध्ये उद्घाटनाचे दिवे लागले. क्रिकेट थांबले, सौंदर्यस्पर्धा थांबली नाही. सरकारने त्या चार दिवसांना युद्ध म्हटले नाही हे खरे. पण भोंगा वाजवण्याची तालीम करायला लावणाऱ्या दिवसांना दुसरे काय म्हणावे, हे मला सुचत नाही.

त्या दिवसांत आमच्याकडे जो तो एकच बोलत होता: तिकडे पोरे मरताहेत आणि इकडे हे नाच-रंग शोभतात का? पनवेल तालुक्यात तर जखम ओलीच होती. २२ एप्रिलला पहलगामला जे २६ जण मारले गेले त्यांत महाराष्ट्रातले सहा, आणि त्यांतले एक नवीन पनवेलचे. राग समजण्यासारखा होता. तरी ‘शोभते का’ हा प्रश्न मला मुळातच लंगडा वाटतो, आणि तो लंगडा का ते आधी सांगून टाकतो.

मे महिना म्हणजे आमच्याकडे लग्नसराई. आगरी-कोळी गावांत हळदीची रात्र म्हणजे काय, हे ज्याने पाहिले नाही त्याला सांगून कळायचे नाही. धवलारणीचे धवले संपले की डीजे सुरू होतो तो पहाटेपर्यंत. शोभत नाही म्हणून त्या आठवड्यात हळद पुढे ढकला, असे कोणी कोणाला सांगितल्याचे माझ्या कानावर आले नाही. बंदरात तर तिन्ही पाळ्यांत काम चालू असते. २ मे रोजी पाकिस्तानी मालाच्या आयातीवर, तो माल कुठूनही फिरून आला तरी, बंदी आली. पुढे जूनमध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने न्हावा-शेव्याला ३९ कंटेनर पकडल्याचे जाहीर केले: १,११५ टन माल, किंमत सुमारे ९ कोटी. मूळ पाकिस्तानचा, दुबईचा शिक्का मारून आणलेला. त्यात खारीक होती. सीमेवर तोफा धडाडल्या तरी खारकेचा धंदा करणाऱ्याने दुबईमार्गे वाट शोधली, आणि ती बातमी आम्ही चहाबरोबर वाचून बाजूला ठेवली. म्हणजे शोभण्या-न शोभण्याचा हिशेब आम्ही सगळ्यांना सारखा लावत नाही. स्टेजवर उभी असलेली, रंगवलेली, परक्या देशाची बाई दिसली की मात्र आमचा सुतकाचा नियम जागा होतो.

याच्या उलट बाजूचे म्हणणेही तितकेच सवंग आहे. ‘शत्रूला दाखवून द्यायचे की आमचे जगणे थांबत नाही.’ हे बोलणाऱ्याला सारायेव्होचे उदाहरण नेमके हाताशी लागते. बोस्नियाच्या त्या राजधानीला १९९२ च्या एप्रिलपासून जवळपास चार वर्षे वेढा होता. २९ मे १९९३ रोजी तिथे एका तळघरात ‘मिस वेढ्यातले सारायेव्हो’ अशी स्पर्धा झाली. इनेला नोगिच ही सतरा वर्षांची मुलगी जिंकली. पोहण्याच्या पोशाखातल्या मुलींनी मिळून एक फलक धरला होता, इंग्रजीत, कारण तो बाहेरच्या कॅमेऱ्यांसाठी होता: त्यांना आम्हाला मारू देऊ नका. पुढे बिल कार्टर याने त्यावर माहितीपट काढला, बोनो आणि पावारोत्ती यांनी गाणे केले, आणि ती स्पर्धा ‘युद्धातही जगण्याची जिद्द’ या सदरात जाऊन बसली.

पण ते तळघर आणि गच्चीबावली यांत फरक आहे, आणि तो नुसता धोक्याचा नाही. सारायेव्होत फलक धरणारी, तो पाहून टाळ्या वाजवणारी आणि बाहेर पाण्याच्या रांगेत गोळी लागून मरणारी माणसे एकाच गावची होती. त्या मुलींना काही म्हणायचे होते, आणि सौंदर्यस्पर्धा हे ते म्हणण्याचे निमित्त होते. जगाचे कॅमेरे प्रेतांकडे बघून कंटाळले असतील, तर पोहण्याच्या पोशाखाकडे तरी वळतील, हा त्यातला कडू हिशेब होता. हैदराबादेतही निमित्तच होते, पण म्हणणे मुलींचे नव्हते. ते ‘तेलंगणा जरूर आना’ या पर्यटनखात्याच्या घोषणेचे होते. चारमिनार, लाड बाजार, पोचमपल्ली, यादगिरिगुट्टा असा दौरा आखलेला होता आणि मुलींनी त्या त्या ठिकाणी हसऱ्या चेहऱ्याने उभे राहायचे होते. सारे सुरळीत आहे, हे शब्द त्यांच्या तोंडून वदवायचीही गरज नव्हती. त्या तिथे उभ्या आहेत एवढ्याने काम भागत होते.

माझा मुद्दा इथे आहे. युद्धकाळ सौंदर्यस्पर्धा बंद पाडत नाही, तिला कामाला लावतो. आणि कामाला लावताना त्याला बाईचा चेहरा हवा असतो, तोंड नको असते.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने हे उघडपणे, जरा अभिमानानेच केले. ‘मिस अमेरिका’ ही स्पर्धा अटलांटिक सिटीची, आणि युद्धात ते गाव लष्कराच्या ताब्यात गेलेले. तरी स्पर्धा चालू राहिली. १९४३ ची विजेती जीन बार्टेल हिला देशभर फिरवून युद्धकर्जाचे रोखे विकायला लावले. तिने पंचवीस लाख डॉलरचे रोखे विकले. यात फसवणूक नव्हती, तिला काय विकायचे आहे हे ठाऊक होते. पण त्याच स्पर्धेने दोन वर्षांनी, जपानने शरणपत्रावर सही केल्यावर आठवडाभरात, बेस मायरसन या ज्यू मुलीला मुकुट घातला, आणि युरोपातल्या छळछावण्यांची छायाचित्रे छापून येत असतानाच तिच्याकडे पाठ फिरवणारे पुरस्कर्ते निघाले. ज्या द्वेषाविरुद्ध लढल्याचे देश सांगत होता तो घरातच निघाला. मायरसन गप्प बसली नाही. त्या वर्षी ती ज्यूद्वेषाविरुद्ध शाळा-कॉलेजांत बोलत फिरली. मुकुटधारी बाईने मुकुटाच्या मालकांना नको असलेले बोलणे, याचा हा जुना आणि चांगला दाखला.

आता आपल्या घरचे उदाहरण. रीटा फारिया ही मुंबईत वाढलेली गोवेकर मुलगी, जे.जे. रुग्णालयाच्या आवारातल्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकत होती. १९६६ साली ‘ईव्ह्ज वीकली’ची मिस इंडिया झाली आणि १७ नोव्हेंबरला लंडनमध्ये मिस वर्ल्ड. हा किताब मिळवणारी ती पहिली भारतीय. तिच्या उसन्या पोहण्याच्या पोशाखाच्या आणि उसन्या साडीच्या गोष्टी नंतर पुष्कळ सांगितल्या गेल्या. त्या गोड आहेत. पण पुढच्याच महिन्यात जे झाले ते कोणी फारसे सांगत नाही. नाताळात अमेरिकी विनोदवीर बॉब होप याच्या ताफ्यात ती व्हिएतनामला गेली, अमेरिकन सैनिकांचे मन रमवायला. स्पर्धेचा करार होता, आणि मिस वर्ल्डने कुठे जायचे हे ठरवणारे वेगळेच लोक होते.

त्या वेळची परिस्थिती नजरेसमोर आणावी लागेल, नाहीतर या प्रसंगातला पीळ कळणार नाही. १९६६ च्या शेवटी व्हिएतनाममध्ये पावणेचार लाखांहून अधिक अमेरिकी सैनिक होते. १९५४ च्या जिनिव्हा करारानंतर तिथे जो आंतरराष्ट्रीय देखरेख आयोग नेमला होता त्याचे अध्यक्षपद भारताकडे होते, कॅनडा आणि पोलंड हे दुसरे सदस्य. म्हणजे आपला देश तिथे पंच होता, आणि आपल्या देशाची मुलगी एका बाजूच्या तंबूत पाहुणी म्हणून उभी होती. इंदिरा गांधींनी त्याच वर्षी बॉम्बफेक थांबवण्याची मागणी केली होती आणि राष्ट्राध्यक्ष जॉन्सन त्यामुळे चिडलेले होते. आणि याच वर्षी भारताने सुमारे एक कोटी टन धान्य बाहेरून आणले, त्यातला मोठा वाटा पीएल ४८० या अमेरिकी कायद्याखाली मिळणाऱ्या गव्हाचा. जॉन्सन ती गव्हाची जहाजे हात आखडून सोडत होते, भारताने जरा जपून बोलावे म्हणून. मुंबईच्या गोदीत तो गहू उतरत होता आणि रेशनच्या दुकानांतून आमच्या घराघरांत येत होता.

रीटाच्या दौऱ्याबद्दल भारतात नाराजी उमटली. साहजिक होती. पण नाराजी कोणावर? गव्हाच्या जहाजावर कोणी रागवले नाही, रागावून चालणारही नव्हते, पोट होते. अमेरिकेला दुखवायचे नाही आणि व्हिएतनामच्या बाजूचेही दिसायचे, ही सगळ्या देशाची कुचंबणा. ती सारी एका वैद्यकीच्या विद्यार्थिनीच्या डोक्यावर मुकुटासारखी चढवली गेली. सरकार जे करू शकत नव्हते, म्हणजे नाही म्हणणे, ते तिने करावे अशी अपेक्षा होती. तिच्या हातात काय होते? करार मोडायचा आणि मुकुट परत करायचा, एवढेच. मी तिला निर्दोष ठरवत नाही. व्हिएतनामी गावे जळत असताना त्या स्टेजवर उभे राहणे ही राजकीय कृती होती, ती करणाऱ्याला कळो वा न कळो. पण तिला त्या युद्धाबद्दल काय वाटते, हे विचारण्याची इच्छा ना लंडनच्या आयोजकांना होती, ना बॉब होपला, ना इथे नाके मुरडणाऱ्यांना. अमेरिकेला ती हसायला हवी होती, आपल्याला ती रुसायला हवी होती. तिने वर्ष संपताच चित्रपटांना नकार दिला, अभ्यासाला परत गेली, डॉक्टर झाली आणि पुढे डब्लिनला स्थायिक झाली. तिच्या त्या नकाराची आपण नेहमी वाहवा करतो. मला त्यात थोडासा वैतागही दिसतो, पण तो माझा अंदाज.

त्याही मागे जायचे तर १९४७ ची मिस इंडिया प्रमिला. खरे नाव एस्तेर व्हिक्टोरिया अब्राहम, कलकत्त्याच्या बगदादी ज्यू घराण्यातली, मुंबईच्या चित्रपटांतली नटी, पुढे निर्माती. मुकुट मिळाला तेव्हा ती गरोदर होती. पुढे आलेल्या नियमांत हे बसलेच नसते. फाळणीनंतर पाकिस्तानच्या वाऱ्या करते म्हणून हेरगिरीच्या संशयावरून तिला अटक झाली. त्या वाऱ्या तिच्या चित्रपटांच्या कामासाठी होत्या, हे नंतर निघाले. स्वतंत्र देशाची पहिली सुंदरी म्हणून जिला मिरवले तीच सीमेपलीकडे जाऊन आली की संशयित. मुकुट राष्ट्राचा असतो, पाय मात्र बाईचे असतात, आणि ते कुठे जातात यावर राष्ट्राची नजर असते.

हे जुने झाले म्हणावे, तर २०२५ चे दिवस पाहा. पहलगामला मारल्या गेलेल्या नौदल अधिकाऱ्याच्या नवविवाहित पत्नीचे छायाचित्र, मृतदेहाशेजारी बसलेले, देशभर फिरले. ते छायाचित्र सगळ्यांना हवे होते. आठवड्याभराने ती बोलली: मुसलमानांच्या किंवा काश्मिरींच्या मागे लागू नका, आम्हाला न्याय हवा. झाले. ज्यांनी तिचे चित्र डोक्यावर घेतले होते त्यांनीच तिच्यावर अशी गरळ ओकली की राष्ट्रीय महिला आयोगाला मध्ये पडावे लागले. पुढे कर्नल सोफिया कुरेशी आणि विंग कमांडर व्योमिका सिंग लष्करी कारवाईची माहिती द्यायला कॅमेऱ्यासमोर आल्या. इथे बोलणे हेच त्यांचे काम होते आणि ते त्यांनी चोख केले. तरी मध्य प्रदेशातल्या एका मंत्र्याला कर्नल कुरेशींच्या धर्मावरून बोलल्याशिवाय राहवले नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याला झापले. रॅम्प असो की पत्रकार परिषद, बाई समोर आली की तिचा चेहरा आपण आपल्या कामाला जुंपतो आणि उरलेली बाई आपल्याला अडचणीची होते.

हैदराबादेत तेच जरा वेगळ्या तऱ्हेने घडले. १४ मेला मुलुगु जिल्ह्यातल्या रामप्पा मंदिरात परदेशी मुलींचे पाय तिथल्या बायकांनी धुऊन पुसले. अतिथी देवो भव, असा त्याचा अर्थ लावला गेला. गावच्या बायकांनी पाय धुवायचे आणि परक्या मुलींनी धुऊन घ्यायचे. दोघींपैकी कोणाला विचारले होते? त्यानंतर मिस इंग्लंड मिला मॅगी स्पर्धा सोडून परत गेली आणि श्रीमंत पुरस्कर्त्यांची करमणूक करायला आम्हाला बसवले जात होते, असे तिने सांगितले. आयोजकांनी ते फेटाळले. खरे-खोटे चौकशी करणाऱ्यांनी ठरवावे. मला एवढेच टिपून ठेवावेसे वाटते की त्या महिन्याभरात स्पर्धकांपैकी कोणाच्या तोंडची गाजलेली गोष्ट एकच, आणि ती मांडवाबाहेर पडलेल्या मुलीची.

स्त्रीवादी मैत्रिणी म्हणतील, युद्धाचे काय घेऊन बसलात, ही स्पर्धाच मुळात बाईला मापाने मोजणारी. १९९६ साली बंगळुरात मिस वर्ल्ड झाली तेव्हा डाव्या महिला संघटना आणि संस्कृतिरक्षक दोघेही रस्त्यावर उतरले होते, वेगवेगळ्या कारणांनी, आणि पोहण्याच्या पोशाखाची फेरी सेशेल्सला न्यावी लागली होती. तेव्हा युद्ध नव्हते. आक्षेप मला मान्य आहे, पण तो इथे पुरत नाही. मापाने मोजणे शांततेतही चालते. युद्धात त्या मापाला वर एक वजन येते: तू हसलीस तर आमचे सारे ठीक आहे असे होईल. हे वजन स्पर्धेला जाताना फॉर्मवर कोणी लिहून दिलेले नसते. दुसरा आक्षेप असा की वीस-बावीस वर्षांच्या मुलींकडून युद्धाबद्दल मत कशाला मागायचे, त्या ‘जागतिक शांतता’ म्हणणार आणि आपण हसणार. हसतो खरे. पण २०१७ साली लास व्हेगासला मिस इराक सारा इदान हिने मिस इस्रायल अदार गँडल्समन हिच्यासोबत एक छायाचित्र काढून समाजमाध्यमावर टाकले, तेव्हा कोणी हसले नाही. तिच्या घरच्यांना इराक सोडावा लागला. दोन मुलींनी शेजारी उभे राहून काढलेला एक फोटो, आणि त्याची ही किंमत. म्हणजे त्यांच्या शब्दाला, नुसत्या हावभावालाही, वजन आहे हे सगळे जाणतात. म्हणूनच तो शब्द आधी करारात बांधून घेतात.

आणि युद्धकाळ म्हणजे तरी कोणाचा? ९ मार्च २०२४ ला मिस वर्ल्डची अंतिम फेरी वांद्रे-कुर्ला संकुलात झाली, आमच्यापासून खाडीपल्याड. तेव्हा युक्रेन जळत होते, गाझात रोज माणसे मरत होती. आम्हाला ते दूरचे वाटले असे म्हणायचीही सोय नाही. तांबड्या समुद्रात हूथींचे हल्ले सुरू झाल्यापासून न्हावा-शेव्याहून युरोपला जाणारी जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली होती, वाटेत दहा-बारा दिवस जास्त, भाडे कितीतरी पटींनी वर. नाशिकच्या द्राक्षवाल्यांचा त्या हंगामात जीव टांगणीला लागला होता. गाझाच्या लढाईची झळ न्हावा-शेव्याला लागत होती, आणि वांद्र्यात मुकुट चढत होता. तेव्हा ‘शोभते का’ असे उरणमध्ये कोणी विचारले नाही. मीही नाही. विचारायचा प्रश्न मुळात तो नव्हताच, म्हणून मला त्याची आज खंतही नाही.

विचारायचे ते असे. सरकारी तिजोरीतून एखादी स्पर्धा होणार असेल, मग ती हैदराबादेत असो की उद्या नवी मुंबईच्या विमानतळाची जाहिरात म्हणून आमच्या दाराशी असो, तर मुलींशी केलेला करार लोकांसमोर ठेवावा. त्यात दोन कलमे शोधावीत. कोणत्या कार्यक्रमाला जायचे नाही असे तिला म्हणता येते का, आणि तसे म्हटले तर तिचा परतीचा खर्च कोण देतो? स्पर्धेच्या काळात तिने स्वतःच्या देशाच्या किंवा यजमान देशाच्या युद्धाबद्दल जाहीर बोलायला बंदी आहे का? ही दोन कलमे रीटाच्या करारात कशी होती ते लंडनच्या कंपनीला ठाऊक. तेलंगणाने मात्र लोकांचा पैसा खर्च केला आहे, त्यांनी आपले कागद छापायला हरकत नसावी.